मुशीचं तेल

जीप घ्यायच्या आधी सत्यवान तारी भला माणूस होता, असं त्याची बायको नर्मदा सांगायची. जीप घेतल्यावरही तो भलाच राहिला, फक्त घरात दिसेनासा झाला. असायचा तेव्हा जीपखाली असायचा. जेवायला हाक मारली की खालून दोन पाय हलायचे, आणि त्या पायांशी बोलून बोलून नर्मदेचा आवाज कायमचा चढून बसला.

कुणकेश्वराच्या देवळाच्या अलीकडे, माडांखाली त्यांची वाडी. वाडी जगायची रापणीवर. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते, मग किनाऱ्यावर दोन रांगा करून माणसं दोन्हीकडचे दोर ओढतात. हे जाळं कुणा एका मालकाचं नसतं. घराघराचे तुकडे जोडून ते होतं, आणि ज्याचे तुकडे त्याला जाळ्याचा वाटा. दोर ओढणाऱ्याला हाताचा वाटा निराळा. तो मात्र कुणालाही. वाटेने जाणारा परका माणूस थांबून दोराला हात लावून गेला तरी त्याच्यापुढे चार मासे टाकायचेच. दोर धरलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर दर्या रागावतो, हे वाडीत शाळा न शिकता सगळ्यांना ठाऊक होतं. तारी घराचे या जाळ्यात आजोबांपासून चार तुकडे होते.

ते चारही तुकडे सत्यवानाने दुसऱ्या गावच्या रापणीला विकले आणि जीप आणली.

त्याला वेडा म्हणायची घाई करू नका. ज्या वर्षी त्याने हा उद्योग केला त्या वर्षी बांगडा असा लागला होता की दोर ओढणाऱ्यांचे तळहात सोलले. वाडीने खाल्ला, गावाने खाल्ला, वाळवायला जागा उरली नाही. कणकवलीच्या बाजारात त्याला भाव होता, पण बैलगाडी कणकवलीला पोचेपर्यंत मासा आपण होऊन गाडीतून उतरेल अशी त्याची अवस्था व्हायची. शेवटी माडांच्या मुळांत खड्डे खणून बांगडा पुरला. सत्यवानाने स्वतः खणले. "माडांची चैन आसा," एवढंच तो बोलला, पण ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. पुण्याकडे लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होतो आणि त्यातली जीप वाळूतून, चिखलातून, ओढ्यातून कुठूनही जाते, असं त्याला कुणीतरी सांगितलं. वाळूतून जाते म्हटल्यावर त्याला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं.

रापणीचा तांडेल होता बाबली. म्हातारा, कमी बोलणारा. जाळं कधी टाकायचं आणि वाटे कसे घालायचे हे तो ठरवायचा. वाडीत जीप आली तेव्हा सगळी पोरंटोरं तिच्यावर चढली, बाबलीने एकदा तिला फेरी मारली आणि विचारलं, "सत्यवान, जाळा फाटला तर आमी शिवतंव. ह्या फाटला तर कोण शिवतलो?"

सत्यवान हसला. त्याच्या त्या हसण्याची आठवण नर्मदा पुढे फार वर्षं काढायची.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. जीप जुनी होती, तिने नऊही दिले नाहीत. पहिल्याच आठवड्यात नांदगावच्या चढावर तिचं पाणी उकळलं आणि तोंडातून वाफ निघाली. रेडिएटर गळत होता. एका ट्रकवाल्याने सांगितलं, आत हळद टाक, भोकं बुजतील. सत्यवानाने घरून हळदीचा डबा नेला. भोकं बुजली, तशा पाण्याच्या वाटाही बुजल्या, आणि मागच्या पाट्यांतली मासळी मधल्या मध्ये उन्हात शिजली. हळदही झाली आणि मासेही शिजले, एक कालवण सोडून त्या फेरीत बाकी सगळं झालं. कणकवलीला हमरस्त्याच्या कडेला फणसाखाली बस्त्यांव मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने रेडिएटरची आतली जाळी बदलली. त्यात नर्मदेच्या कानातल्या कुड्या गेल्या.

मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तुटले. वाळूतून ओझं घेऊन धावायचं म्हणजे पाटे तुटणारच, बस्त्यांव म्हणाला, जसं काही पाऊस पडणारच म्हणावं तसं. त्यात त्या साली उतरलेल्या नारळांचे पैसे गेले. स्टेअरिंग इतकं ढिलं की चाक फिरवल्यावर जीप आधी विचार करायची, मग वळायची. सेल्फ मेला तो मेलाच. पुढून हँडल मारून ती सुरू करायची, आणि एकदा हँडल उलटं फिरून सत्यवानाचा अंगठा मोडला. मासळीच्या पाट्यांतून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने तळाचा पत्रा असा खाल्ला की बसल्या जागी पायांखालून रस्ता पळताना दिसायचा. आणि दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायचा. गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे पावणेदोनशे रुपये, असं बस्त्यांवने सांगितलं तेव्हा सत्यवान घरी आला आणि काथ्याची दोरी घेऊन त्याने गिअरचा दांडा सीटच्या कांबीला बांधून टाकायची युक्ती काढली. होडीची गाठ मारायची, सोडायची तेव्हा एका झटक्यात सुटते.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं लोक म्हणायचे. सत्यवानाला ते झोंबायचं, कारण त्याच्या घराची कोंबडीही चार आण्याची नव्हती. पिढ्यांचे तुकडे विकून ती आणली होती. म्हणून तो थांबू शकत नव्हता. दर वेळी त्याला वाटायचं, हे एवढं एक काम झालं की झालं. जीप विकावी तर घेणार कोण? टाकून द्यावी तर चार तुकडे वाळूत गेले म्हणायचे. माणूस बुडताना जे हाताला लागतं ते धरतो, आणि सत्यवानाच्या हाताला जे लागलं होतं तेच त्याला खाली ओढत होतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून करायचं काय, हे कळत नव्हतं.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्याने बर्फाचा ट्रक सुरू केला. तो वर सड्यावर, कातळाच्या माळावर, येऊन उभा राहायचा. बायका पाट्या डोक्यावर घेऊन तिथपर्यंत चढून जाऊ लागल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. ट्रक रोज यायचा; सत्यवानाची जीप कधी यायची आणि कधी कुठे बसायची हे कुणकेश्वरालाच ठाऊक. आता रापण ओढली जायची तेव्हा सत्यवान तिकडे फिरकायचाही नाही. हाताचा वाटा त्याला मिळाला असता. पण जाळ्याचा वाटा घेणाऱ्या घरातल्या माणसाने परक्यासारखं दोराच्या शेपटाला उभं राहून चार मासे घ्यायचे, हे त्याला जमत नव्हतं. त्यापेक्षा तो जीपखाली जाऊन पडायचा.

पौषात बाबली तांडेल त्याच्या दारात आला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "शिमग्याक जाळी नव्यान जोडतलंव. तवसर तुझी जागा रवतली. मगे माका कोणाक नाय म्हणूक जमाचा नाय."

एवढी वर्षं म्हाताऱ्याने ती जागा कुणाला दिली नव्हती. शेजारच्या तुकड्यांना दोर बांधून ती भरून काढली होती आणि मागणाऱ्यांना उद्या-परवा करत परत पाठवलं होतं. सत्यवानाला हे माहीत नव्हतं. त्याने खाली मान घातली.

"चार तुकडे?" त्याने विचारलं.

"दोन असले तरी चलतीत," बाबली म्हणाला. "पण तुझे होये."

दोन तुकड्यांचं सूत घ्यायचं तर एकच वाट होती. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस महाशिवरात्र येते, आणि कुणकेश्वराच्या जत्रेला माणूस मुंग्यांसारखा लोटतो. एसटी सड्यावर थांबायची. तिथून देवळापर्यंतचा लाल धुळीचा उतार म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना जड जायचा. जीपने त्यांना खाली न्यायचं, दर्शन झालं की वर आणायचं. जत्राभर जीप चालली तर सूत येईल. सूत आलं तर नर्मदा आणि तो दोघं बसून विणतील. सत्यवानाने हे नर्मदेला सांगितलं. ती म्हणाली, "एकदा जागा येवंदे. मगे त्या गाडयेत कोंबड्ये पाळूया."

पण जीप आता ब्रेक मारला की रडायची. लांब, कापरं रडायची, की वाडीतली कुत्री उठून बसत. सत्यवान तिला कणकवलीला घेऊन गेला. बस्त्यांवने चाकं काढून पाहिली.

"लायनिंगां झिजली, रबरां कुजाक लागली. सामान मुंबयसून येवक होया. दीडशे तरी धर."

"जत्रा झाली काय मगे करूया," सत्यवान म्हणाला.

बस्त्यांवने त्याच्याकडे पाहिलं. तो काही देवमाणूस नव्हता. उधारीवर काम करायला त्याने कधीच हो म्हटलं नव्हतं. पण सत्यवानाच्या तोंडाकडे बघून त्याला वाईट वाटलं असावं. "मगे सावकाश हाक," तो म्हणाला. "आणि आधी हिच्या अंगावरचा मीठ काढ. मीठ खाता हिका, दुसरा काय नाय."

मीठ! सत्यवान परत येताना वाटभर तेच घोकत होता. कोळ्याच्या पोराला मिठाचं काय सांगायचं? मिठाला औषध एकच. वाडीतली प्रत्येक होडी दर वर्षी वाळूत ओढून, उपडी घालून, मुशी माशाच्या काळजाच्या तेलाने माखली जाते. हाताने, फळीन् फळी, आतून बाहेरून. त्या तेलावर आजोबांच्या होड्या त्याच्या वयापेक्षा जास्त वर्षं दर्यात राहिल्या होत्या. आणि आपण एवढी वर्षं ही बिचारी लोखंडाची होडी खाऱ्या वाळूत कोरडी पळवली, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्याने जीप माडाच्या ओंडक्यांवर चढवली. नर्मदेने अंगणात चूल मांडून तेल कोमट करून दिलं. वास असा सुटला की शेजारणींनी दारं लावून घेतली. सत्यवानाने तळाचा पत्रा माखला, पाटे माखले, कांबी माखल्या. मग चाकं उतरवली, चाकांमागची ब्रेकची पिंपं काढली. बस्त्यांवला उघडताना त्याने पुष्कळदा पाहिलं होतं. आतले गंजलेले लोखंडी खूर, त्यांच्यावरचे लायनिंगचे काळे पट्टे, रबरी नळ्या, सगळं त्याने बोटांनी, मायेने, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन माखलं.

"चाकाच्या पोटात पण लायतास?" नर्मदेने विचारलं.

"होडयेच्या पोटात लायत नाय काय गो? जंय मीठ पोचता, थंय तेल पोचाक होया." मग त्याने हातब्रेकचं पिंपही उघडलं आणि तेही सोडलं नाही.

त्या दिवशी तो आनंदात होता. लपवून काय करायचं, त्या सगळ्या वर्षांत तो तेवढाच एक दिवस आनंदात होता. कारण इतके दिवस जीपचं दुखणं त्याच्या हाताबाहेरचं होतं आणि आज पहिल्यांदा ते त्याच्या हातांना ओळखीचं वाटलं होतं. संध्याकाळी त्याने वाडीच्या सपाट वाळूत तिला थोडी चालवली. ब्रेक जरा उशिरा धरला. पण आवाज? आवाज पार गेला होता.

"आयकलंस?" तो नर्मदेला म्हणाला. "रडाची बंद झाली."

शिवरात्रीच्या सकाळी पहिल्या फेऱ्या नीट झाल्या. उतार तो नेहमी दुसऱ्या गिअरवरच उतरायचा, काथ्याची दोरी आवळून; इंजिनच गाडीला धरून ठेवायचं, ब्रेकला फारसं काम पडायचं नाही. लोक चढत होते, उतरत होते, पैसे देत होते. सत्यवानाच्या सदऱ्याचा खिसा जड झाला होता आणि खिशावर हात ठेवला की त्याला विणलेलं जाळंच लागत होतं. उन्हं तापली तेव्हा त्याने एक मोठी फेरी भरली. मागे दाटीवाटीने बसलेले, दोघं बाजूला लटकलेले, आणि पुढे त्याच्या शेजारी काशीबाई नावाची कणकवलीकडची म्हातारी, मांडीवर नारळाची परडी घेऊन.

उताराच्या मध्यावर दोरी तुटली. दोरीलाही तेल लागलं होतं की तीच जुनी झाली होती, देव जाणे. गिअरचा दांडा खाडकन सुटला आणि जीप मोकळी झाली. सत्यवानाने ब्रेक दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा खालपर्यंत गेला. पुन्हा दाबला. हातब्रेक ओढला, तोही नुसता हातात आला. खाली वळणापलीकडे जत्रा होती. खाजेवाले, फुलवाले, खांद्यावर पोरं घेतलेले बाप.

"बाबा, सावकाश रे," काशीबाई म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

सत्यवान मनात कुणकेश्वराचं नाव घेत नव्हता. त्याला फक्त एवढं दिसत होतं की उजवीकडे माणसं आहेत आणि डावीकडे केवड्याचं कुंपण, त्यापलीकडे वाळू आणि दर्या. त्याने चाक डावीकडे फिरवलं. जीपने नेहमीसारखा विचार केला. तो एक क्षण असा गेला की तो आठवून पुढे कित्येक वर्षं सत्यवान जेवताजेवता थांबायचा. मग ती वळली, केवड्यातून घुसली, वाळूवर आदळत, उड्या मारत गेली आणि लाटांत नाक घालून थांबली.

काशीबाईचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. मेलं कुणी नाही. सत्यवानाने ज्याचे त्याचे पैसे परत केले आणि उरलेला खिसा काशीबाईच्या मुलाच्या ओंजळीत रिकामा केला. कुणी शिव्या दिल्या, कुणी नाही. मग तो पाण्यात जाऊन जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. लाटा आता इंजिनापर्यंत येत होत्या.

वाडी धावत आली. बाबली तांडेलाने पाण्याकडे बघितलं. "भरती येता," तो म्हणाला. "दोर हाडा."

रापणीचा दोर आला. मागच्या आकड्याला बांधला गेला, आणि जशी रापण ओढतात तशी वाळूवर दोन रांगांत माणसं उभी राहिली. जत्रेला आलेले परकेही दोराला लागले. सत्यवानही लागला, रांगेच्या शेवटी. कित्येक वर्षांनी त्याच्या तळहातांत तो ओला खरखरीत दोर आला आणि त्याला रडू फुटलं. ते त्याने लपवलं नाही. सगळ्यांचीच तोंडं खाऱ्या पाण्याने ओली होती. जीप तसू तसू करत बाहेर आली. तिच्या पोटातून धो धो पाणी गळत होतं.

दुसऱ्या दिवशी बस्त्यांव जत्रेला म्हणून आला होता तो वाळूवर आला. त्याने इंजिनाचं झाकण काढलं, बघितलं, पुन्हा लावलं. "खारा पाणी आत गेला. खोलूक, धुवक, बेअरिंगां... पाचशे सांगलंय तरी कमीच. हेच्यात आता पैसो घालू नको."

मग सवयीने त्याने एक चाक काढलं. पिंप उघडलं. आत बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. सत्यवान त्याच्याकडे बघत होता.

"ह्या काय?"

"मुशीचा तेल," सत्यवान म्हणाला. "होडयेक लायतंव तसाच लायलंय."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

बस्त्यांवने बोट वाळूत पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. "रबराक तेल लागला काय रबर फुगता," तो हळू म्हणाला. "आणि लायनिंगाक लागला काय ती धरतच नाय. म्हणान तुझी गाडी रडाची थांबली." थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझापण चुकला. मीठ काढ म्हटलंय. कशान ता सांगूक नाय."

सत्यवान वाळूत खाली बसला. काल रात्रीपर्यंत त्याला वाटत होतं की आपलं नशीब फुटकं. नशिबावर माणूस रागावू शकतो, त्याला शिव्या देऊ शकतो. आता तोही आधार गेला. जिला एवढ्या मायेने माखलं, तिला त्याच मायेने दर्यात ढकललं, आणि एका म्हातारीचा हात मोडला, हे समजल्यावर माणसाने कुणाकडे बघायचं?

संध्याकाळी तो बाबलीकडे गेला. "ज्येंनी दोर धरलो तेंका वाटो दिवक होयो," तो म्हणाला.

"ती काय रापण होती?"

"दोर रापणीचो होतो."

बाबली उठला. मग वाडीने वाळूवर जीपचे वाटे घातले. टायर होड्यांच्या कडांना बांधायला गेले. चाकांच्या लोखंडी चकत्या जाळ्याला वजन म्हणून गेल्या. वरचं कापड एकाच्या ओसरीवर, सीटा दुसऱ्याच्या. इंजिन बस्त्यांवने भंगाराच्या भावात घेतलं आणि ते पैसे सत्यवानाने काशीबाईच्या औषधाला कणकवलीला पोचवले. उरलेला सांगाडा पावसात गंजत राहिला. त्यात कोंबड्या मात्र कुणी पाळल्या नाहीत.

शिमग्याला बाबलीने नारळ फोडला आणि जाळी जोडली गेली. सत्यवानाच्या जागी दुसऱ्या घराचे तुकडे आले.

त्यानंतरच्या पहिल्या रापणीला सत्यवान किनाऱ्यावर आला आणि कुणाशी न बोलता दोराच्या शेपटाला उभा राहिला. मासळी बरी लागली. बाबलीने वाटे घातले, आधी होडीचे, मग जाळ्याचे, शेवटी हातांचे. सत्यवानापुढे त्याने चार बांगडे ठेवले, क्षणभर थांबला, आणि पाचवा ठेवला नाही. ठेवला असता तर त्यातली दया सत्यवानाला दिसली असती, हे म्हाताऱ्याला कळत होतं.

नर्मदा न्यायला आली होती. जुन्या सवयीने तिने जाळ्याच्या वाट्याची मोठी पाटी आणली होती. सत्यवानाने चार बांगडे तिच्यात ठेवले. पाटी डोक्यावर घेण्यासाठी तिने पदराची चुंबळ वळली होती, ती तिने सोडली, पदर कमरेला खोचला आणि पाटी हातातच धरून ती घराकडे चालू लागली.